पाच आणि दोन

गेल्या वर्षी, ईस्टरआधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या रविवारी, सकाळच्या उपासनेनंतर नालासोपाऱ्यातल्या आमच्या लूथरन मंडळीत तीन मुलींची धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीची तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांना बोलता येत नव्हतं.

परीक्षक माझे वडील होते.

यंदा लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, पुन्हा सुरू झाला आहे. मंडळीला स्वतःचं चर्च नाही. एका शाळेचं सभागृह रविवारी सकाळी मिळतं. बाक मागे सरकवतात, खुर्च्या मांडतात, मुख्याध्यापकांच्या भाषणाचं टेबल वेदी होतं. लेंटच्या पहिल्या दिवसापासून, राखेच्या बुधवारपासून, त्या टेबलावर जांभळं कापड येतं. कापडाला वर्षभराच्या घडीचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. भिंतीवर पाढ्यांचे तक्ते तसेच राहतात, फळ्याखाली खडूची भुकटी असते. आणि त्या दिवसापासून एक शब्द गळतो. ईस्टरच्या सकाळपर्यंत आम्ही ‘हालेलुया’ म्हणत नाही. ज्या गीतात तो येतो ते गीत निवडतच नाहीत. पाहुण्याला काही जाणवणार नाही. आतल्या माणसाला जाणवतं. जिन्याच्या ओळखीच्या पायरीवर पाय टाकावा आणि तिथे पायरी नसावी, असं काहीतरी होतं.

हेच दिवस दहावीच्या पेपरांचे. गोखिवऱ्याच्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी एकेका खिडकीतून पाठांतर ऐकू येतं. खाली पाण्याच्या टँकरचा पाइप गळत असतो, त्या ओल्या पट्ट्यात कबुतरं उतरतात. सकाळी मोगऱ्याच्या पाट्या घेऊन बायका स्टेशनकडे जातात. नायगावच्या बाजूने वारा आला तर त्यात मिठागरांचा वास असतो. तो वास आला की आमच्या घरात परीक्षा जवळ आली असं समजायचं. शाळेची नव्हे. पप्पांची.

वसईत ‘आम्ही ख्रिस्ती’ असं सांगितलं की समोरचा माणूस कॅथलिक समजतो. त्यात त्याची चूक नाही. इथली मोठी देवळं त्यांची, घंटा त्यांच्या, सणाचा बँड त्यांचा. आम्ही मूठभर. पप्पा मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या एका मराठी गावातून इथल्या कारखान्यात फिटर म्हणून आले. त्या गावात स्वीडनच्या मिशनऱ्यांनी मंडळी उभी केली होती. येताना पप्पांनी ट्रंक आणली, आणि पाठ असलेली प्रश्नोत्तरी. नालासोपाऱ्यात मंडळी जमू लागली तेव्हा मुलांना शिकवायला कोणी नव्हतं. पप्पांनी काम उचललं. कारखान्यात ते फिटर होते, मंडळीत मास्तर झाले.

आमच्याकडे बाप्तिस्मा तान्हेपणी होतो. तेव्हा मुलाच्या वतीने दुसरेच हो म्हणतात. चौदा-पंधराव्या वर्षी दृढीकरण, तेव्हा मुलाने स्वतः उभं राहून हो म्हणायचं. त्याआधी मंडळीसमोर परीक्षा. परीक्षक दहा आज्ञांपैकी एकीचा आकडा सांगतो. मूल ती आज्ञा म्हणतं. मग परीक्षक विचारतो, ‘याचा अर्थ काय?’ छापील अर्थ पाठ असतोच. पप्पा तो ऐकून घेत आणि पुन्हा तेच विचारत. दुसऱ्यांदा मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगावं लागे. कित्येक मुलं तिथे रडली. पप्पांनी कधी कोणाला पुढच्या वर्षावर ढकललं नाही, पण उत्तर आल्याशिवाय खालीही बसू दिलं नाही.

ही सवय घरातही होती. मी वर्तमानपत्रात बातमीच्या टेबलावर काम करायला लागले तेव्हा रोजचा अंक घरी यायचा. पप्पा चहा घेता घेता पहिल्या पानाचा मथळा मोठ्याने वाचत, चष्म्यावरून माझ्याकडे बघत आणि म्हणत, “याचा अर्थ काय?” दहातल्या चार मथळ्यांचा अर्थ मला सांगता येत नसे. ते मथळे मीच दिलेले असत.

त्या लेंटच्या आधी, गणपतीच्या सुमाराला, पप्पांना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय काठीच्या आधाराने थोडा परतला. बोलणं परतलं नाही. डॉक्टर म्हणाले, यांना सगळं कळतंय, शब्द बाहेर काढण्याची वाट बंद आहे. दोनच शब्द उरले होते, ‘हो’ आणि ‘नाही’, आणि तेही अदलाबदल होऊन येत. चहा हवा का विचारलं की ‘नाही’ म्हणून कपाकडे हात करत. त्यामुळे कळतंय यावर डॉक्टरांचा विश्वास होता, घरात मात्र खात्री कोणाची नव्हती.

एकच अपवाद. रविवारी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणू लागले की पप्पाही म्हणत. अख्खी. शब्द न शब्द. शेजारच्या खुर्चीवरून मी त्यांचा आवाज वेगळा ऐकलेला आहे. मंडळी ‘आमेन’वर थांबली की तोही थांबे, आणि घरी एकट्याने म्हणायला सांगितलं तर पहिला शब्दही येत नसे. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं होतं, सोबत असेल तर शब्द निघतात.

राखेच्या बुधवारनंतर मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, घरी आले. वयाने तरुण, ही त्यांची पहिलीच मंडळी. लिंबाचं सरबत घेतलं, पप्पांचा डावा हात हातात धरला आणि म्हणाले, “मास्तर, यंदाची परीक्षा मी घेतो. तुम्ही विश्रांती घ्या. पुढच्या वर्षी आहेच की.”

“हो,” पप्पा म्हणाले. आणि डावा हात सोडवून टेबलावर आपटला. सरबताचा ग्लास आडवा झाला.

“हो म्हणाले ना ते,” वहिनी फडक्याने टेबल पुसत म्हणाली.

वहिनी म्हणजे सुनीता, माझ्या मोठ्या भावाची बायको. भाऊ जहाजावर असतो. पप्पांचं औषध, व्यायाम, आंघोळ हे सगळं तीच बघते, मी शिफ्टमधून उरेन तेवढी. ती नगरकडची, दुसऱ्या मिशनच्या मंडळीतली, लग्नानंतर आमच्यात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांनी चमचा घेऊन स्टीलच्या वाटीवर एक टोला दिला. थांबले. मग दोन. थांबले. मग तीन.

“चहा देते, देते,” वहिनी आतून ओरडली. “वाटी फोडू नका.”

पाचनंतर पप्पा थोडं थांबले, आणि पाच अधिक एक असं वाजवलं. पाच आणि दोन. पाच आणि तीन. दहापर्यंत गेले. तेव्हा समजलं. ते आज्ञा मोजत होते. बोलता येत नसेल तर आकडा हाताने सांगता येतो, आणि हात एकच चालतो म्हणून पाचाच्या पुढचं दोन हप्त्यांत. खिडकीशी बसून ते रोज सकाळी हे वाजवू लागले. खालच्या मजल्यावरून तक्रार आली. त्यांनी वाटीखाली रुमाल घातला आणि चालू ठेवलं.

पाळकसाहेबांना फोनवर कळवलं. ते म्हणाले, आकडे ठीक असतील तर मला आनंदच आहे, घरच्यांनी एकदा बघून घ्या. बघून घेण्याचं काम वहिनीने केलं. मी कामावर होते. संध्याकाळी घरी आले तेव्हा ती पोळ्या लाटत होती, आणि वर न बघता म्हणाली, “नको ते. मी पाळकसाहेबांना सांगून टाकलं. आकडे चुकतात त्यांचे.”

“सगळे?”

“बहुतेक सगळे. मी किती वेळा विचारलं. चुकतात. लोकांसमोर त्यांचं हसं व्हायला नको. तीन मुली उभ्या राहणार, त्यांचे आईबाप बसणार, आणि हे भलतंच बोट दाखवणार. मला नाही बघवणार ते.”

पप्पा खिडकीशी होते. पाठ आमच्याकडे. वाटी उलटी करून ठेवलेली.

बातमीच्या टेबलावर एखादा आकडा चुकला तर आमच्यात पहिला प्रश्न असतो, कितीने. मी तोच विचारला.

“कितीने म्हणजे? एकाने. प्रत्येक वेळी एकाने कमी.”

“प्रत्येक वेळी?”

“हो बाई. आईबापांचा मान राख, तर चार. खून करू नको, तर पाच. चोरी करू नको, तर सात. तीनदा विचारलं. पाच आणि दोन, पाच आणि दोन, पाच आणि दोन. हट्टाने.”

आजारी माणूस इतक्या शिस्तीत चुकत नाही. मी म्हटलं, “वहिनी, चोरी सातवीच आहे.”

लाटणं थांबलं. “आठवी,” ती म्हणाली. “नगरला संडेस्कूलमध्ये मी आज्ञांच्या पाठांतरात बक्षीस घेतलंय. पेन मिळालं होतं.”

“आमच्यात सातवी.”

“तू त्यांचीच मुलगी. तू त्यांचीच बाजू घेणार.”

इतकी वर्षं हे कसं कळलं नाही, याचं उत्तर सोपं आहे. उपासनेत आज्ञा ओळीने म्हणतात, आकडे कोणी उच्चारत नाही. तिच्या मंडळीत मूर्तीची मनाई ही दुसरी वेगळी आज्ञा धरतात, त्यामुळे पुढच्या सगळ्या एक घर खाली जातात. आमच्यात ती पहिलीच्या पोटात आहे, आणि शेवटी लोभाच्या दोन करून दहा भरतात. शब्द तेच, मोजणी वेगळी. आकड्यांनी बोलायची वेळ घरात पहिल्यांदाच आली होती.

हे मी तिला सांगितलं. तिला पटलं नाही. एकाच सूत्राच्या सांगण्यावर आम्हीही बातमी छापत नाही.

शुक्रवार होता. समोरच्या दारच्या फिलोमिना मावशी क्रुसाची वाट ही लेंटमधली शुक्रवारची प्रार्थना करून देवळातून परत येत होत्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, माहेर किल्ल्याजवळच्या कोळीवाड्यातलं. जिन्यात त्यांची जपमाळ वाजली तशी वहिनीने पिठाच्या हातानेच दार उघडलं.

“मावशी, एक विचारायचंय. सातवी आज्ञा कोणती?”

मावशींनी पर्स छातीशी धरली. “काय झालं? कोनाचं काय गेलं?”

“गेलं नाही काही. सांगा ना.”

“सातवी चोरी करू नको. म्हनून तर विचारतेय, काय गेलं?”

वहिनी दाराला टेकली. “नक्की सातवी?”

“अगो, लहानपनापासून सिस्टरांनी हातावर पट्ट्या मारून शिकवलंय. सातवी चोरी. तुमच्याकडे कितवी?”

“नगरला आठवी.”

मावशींनी विचार केला. “म्हंजे तुमच्याकडे चोर एक आज्ञा उशिरा सापडतो,” त्या म्हणाल्या आणि चपला काढून आत आल्या.

आत पप्पांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी खुर्ची वळवली, डावा पंजा उघडून धरला, मिटला, आणि दोन बोटं वर केली.

“हे काय?” मावशी म्हणाल्या. “पाच आनि दोन? मास्तरांना भूक लागली. बायबलातल्या पाच भाकरी आनि दोन मासे मागतायत. दे गो सुनीता.”

पप्पा हसले. झटक्यानंतर हसताना त्यांचा चेहरा एकाच बाजूने हलायचा. त्या दिवशी ते खूप वेळ हसले. वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि पोळी करपेपर्यंत तव्याशी उभी राहिली. मग तिने तिथूनच पाळकसाहेबांना फोन लावला. आम्हाला तिचाच आवाज ऐकू येत होता. “नाही साहेब, त्यांचं नाही, माझं चुकलं. बरोबर आहेत. दहाच्या दहा बरोबर आहेत.”

पंच बसले. पंच म्हणजे मंडळीची निवडलेली जाणती माणसं. त्यांनी ठरवलं, आकडा मास्तर दाखवतील, ‘याचा अर्थ काय’ पाळकसाहेब विचारतील. पाळकसाहेब हे सांगायला आले तेव्हा पप्पा म्हणाले, “नाही.” हे नाही खरंच नाही होतं. त्यांनी तोंडाकडे बोट नेलं आणि ते ओठांवर ठेवून दिलं. त्यांना प्रश्न विचारायचा होता. आकडे कोणीही दाखवेल.

“पण मास्तर,” पाळकसाहेब हळू म्हणाले, “शब्द निघाला नाही तर?”

पप्पांनी बोट काढलं नाही.

यापुढे काम वहिनीने हातात घेतलं. सकाळी वाटी-चमचा झाला की ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसे. ती म्हणे, “याचा अर्थ काय?” आणि पप्पा तिच्याबरोबर म्हणत. स्वच्छ. पुन्हा. पुन्हा. मग ती ओठ मिटून बघत राही, आणि पप्पांच्या तोंडून ‘या’ निघे, ‘या’, ‘या’, आणि तिथेच अडकून राही. कपाळावर घाम येई. ती पदराने तो पुसे आणि म्हणे, “चला, माझ्याबरोबर.” दहावीची मुलं खाली रिक्षाची वाट बघत शेवटची उजळणी करत असत. त्यांच्या वरच्या मजल्यावर हे चाललेलं असे.

तीन मुलींपैकी अनुग्रहा जूचंद्रला राहायची. एका शनिवारी मी पप्पांना रिक्षाने तिच्याकडे नेलं, कारण पूर्वी ते सायकलने जात आणि या वर्षी तिचेच धडे बुडाले होते. रस्त्याच्या कडेने मिठागरांत मीठ काढणं चालू होतं. उन्हात ढीग डोळ्यांना लागत होते. खोलीत पंखा होता, वीज नव्हती. अनुग्रहाने आज्ञा धडाधड म्हटल्या. मी अर्थ विचारल्यावर छापील वाक्यं म्हटली. पप्पांनी मान हलवली नाही. ते तिच्याकडे बघत राहिले.

“आजोबा, तेच लिहिलंय,” ती म्हणाली. पप्पा बघत राहिले. “माझा सोमवारी बीजगणिताचा पेपर आहे.” तरी बघत राहिले. शेवटी ती म्हणाली, “बरं. विचार करते.”

परीक्षेच्या रविवारी सभागृह भरलं होतं. फिलोमिना मावशी पहाटेची देवळातली मिस्सा करून आल्या होत्या आणि शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. आत येताना जांभळ्या कापडाकडे, पाढ्यांच्या तक्त्यांकडे बघून त्या माझ्या कानात कुजबुजल्या, “आमच्याकडे पुतळे झाकतात या दिवसांत. तुमच्याकडे झाकायला कायच नाय.” वहिनी तिसऱ्या रांगेत होती. पप्पांना वेदीच्या डाव्या बाजूला खुर्ची दिली होती. पाळकसाहेब त्यांच्या मागे उभे राहिले, जवळ, गरज लागली तर.

पहिली अनुग्रहा. पप्पांनी पंजा उघडला. मिटला. दोन बोटं.

“चोरी करू नको,” ती म्हणाली.

पप्पांचं तोंड उघडलं. “या,” ते म्हणाले. “या.” मान ताठ झाली, डावा हात मांडीवर आवळला गेला. “या.” पुढच्या रांगेतल्या कोणीतरी खाली बघितलं. पाळकसाहेबांनी एक पाऊल पुढे टाकलं.

“याचा अर्थ काय?” वहिनी आपल्या जागेवरून म्हणाली. मोठ्याने, आणि सावकाश, रोज सकाळी म्हणायची तशी. तिच्या दुसऱ्या शब्दाला पप्पांचा आवाज मिळाला आणि प्रश्न दोघांनी मिळून पुरा केला.

पाळकसाहेब मागे सरले.

अनुग्रहाने छापील अर्थ म्हटला. पप्पांनी मान हलवली नाही. वहिनीने पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी तिच्या रांगेतलेही म्हणाले. “याचा अर्थ काय?”

अनुग्रहाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “आमच्याकडे मिठागरं आहेत,” ती म्हणाली. “मीठ उघड्यावर असतं. कोणाचं उचलायचं नाही हे तर आहेच. पण अवेळी पाऊस आला ना, तर आपला ढीग झाकून झाला की शेजारच्याच्या ढिगावर पण ताडपत्री टाकायची. तो तिथे नसला तरी. नाही टाकली तर ती पण चोरीच. असं मला वाटतं.”

पप्पांनी मान हलवली.

दुसऱ्या मुलीच्या वेळी प्रश्न अर्ध्या सभागृहाने विचारला. तिसरीच्या वेळी सगळ्यांनी, मागच्या रांगेतल्या मावशींसकट. पप्पांचा आवाज त्यात होता. मी पहिल्या रांगेत होते, ऐकला.

तिसरी मुलगी खाली बसल्यावर पाळकसाहेब समाप्तीची प्रार्थना म्हणायला पुढे आले. पप्पांनी डावा हात वर करून त्यांना थांबवलं. मग तोच हात तिसऱ्या रांगेकडे केला. वहिनीने मागे वळून पाहिलं. मागचे सगळे तिच्याकडेच बघत होते. पप्पांनी पंजा उघडला. मिटला. दोन बोटं.

वहिनी उभी राहिली. साडीच्या निऱ्या सारख्या केल्या.

“आठ,” ती म्हणाली.

सभागृहात ज्यांना गोष्ट माहीत होती ते हसले आणि ज्यांना नव्हती ते त्यांच्याकडे बघून हसले. पप्पा अर्ध्या चेहऱ्याने हसत होते. बोटं त्यांनी खाली घेतली नाहीत.

“चोरी करू नको,” वहिनी म्हणाली. “सातवी.”

पुढच्या रविवारी तिन्ही मुलींचं दृढीकरण झालं. झावळ्या मावशींच्या माहेरच्या वाडीतून आल्या होत्या. ईस्टरच्या सकाळी जांभळं कापड निघालं, पांढरं आलं, आणि गळलेला शब्द परत आला. तो सगळे मिळून म्हणतात, त्यामुळे पप्पांनीही म्हटला.

यंदा परीक्षेला चार जण आहेत. दोन मुलगे, दोन मुली. परीक्षक कोण, हा प्रश्न पंचांच्या सभेत कोणी काढला नाही. खिडकीशी वाटी-चमचा रोज वाजतो. वाटीखाली रुमाल आहे. स्टुलावर वहिनी आता रोज बसत नाही, सकाळी टँकर येतो तेव्हा पाणी भरावं लागतं.

आज सकाळी ती स्वयंपाकघरात पिंप भरत होती. मी दारात पेपर उचलत होते. खिडकीशी पाच टोले पडले. मध्ये जरा खंड. मग दोन.

“चोरी करू नको, पप्पा,” वहिनी आतून म्हणाली.

“याचा अर्थ काय?”

त्या वेळी वहिनी बोलत नव्हती. मीही बोलत नव्हते.